निळी राणी वेढा का उठवते

१२ जानेवारी
(खेळातल्या अभिप्रायाच्या चौकटीत)

तारे : पाचपैकी चार.

डोंगर छान आहेत. धुकं तर फारच छान. शिपायांच्या ढाली बघून मी खुर्चीतून उठले आणि पुन्हा बसले. एक तारा कापलाय तो नदीपायी. नदी उजवीकडून डावीकडे वाहायला हवी, कारण पलंगाचा उतार त्या बाजूला होता, आणि हे खेळ बनवणारीला चांगलं ठाऊक आहे. तिला एवढंच सांगायचंय की निळी राणी वेढा का उठवते याबद्दल इथे लोकांनी जे काही लिहिलंय ते सगळं चूक आहे. खरं कारण फक्त मला माहीत आहे, कारण ती राणी म्हणजे


१२ जानेवारी, संध्याकाळी

भिंगरे,

चौकटीतली अक्षरं संपली. वाक्य अर्धं तोंडात असताना ते यंत्र मला म्हणालं, आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. मोलाचा होता तर पुरता ऐकायला काय झालं होतं? म्हणून कागद घेतला. खेळाच्या शेवटी बनवणाऱ्यांची नावं वर सरकत जातात. त्यात तुझं नाव दोनदा आलं आणि सगळ्यात खाली तुमच्या कचेरीचा पत्ता. तो उतरवून घेता घेता निसटायचा. शेवटी पडद्याचा फोटो काढून घरी आणला, आई वाचत गेली आणि मी लिहीत गेले. आईने विचारलं, कुणाचा गं पत्ता? मी म्हटलं, चष्म्याच्या काचा मागवायच्यात. तिने मान डोलावली आणि म्हणाली, काचा मागवतेस तर तिला हेही विचार, वेळेवर जेवते का.

तू फोन नंबर बदललास त्याला हा दुसरा हिवाळा. तरी हे पत्र समेटाचं वगैरे नाही. एक खेळाडू म्हणून लिहितेय. तुमच्या कंपनीला खेळाडूंची मतं हवी असतात ना, मग घ्या.

आमच्या दुकानात पुढच्या खोलीत डोळे तपासणाऱ्या बाई बसतात आणि मागच्या खोलीत काचा घासणारी मी. या बाई तू गेल्यावर आल्या. दुपारी गिऱ्हाईक नसलं की अक्षरांचा तक्ता दाखवायच्या पडद्यावर त्या तुझा खेळ लावतात. मालकांना वाटतं, बाई मशीन तपासतायत. मागच्या आठवड्यात त्यांनी मला हाक मारली. म्हणाल्या, अहो, जरा या बघू, या शिपायांच्या ढालींना चार-चार भोकं कशाला ठेवलीत, बाण आत येतील की.

मी हात न पुसताच गेले. धुक्यातून निळं सैन्य येत होतं. गोल ढाली, मधोमध चार भोकं, आणि पहिल्या रांगेतल्या एका ढालीचा काठ उडालेला. भिंगरे, तो काठ मी दाताने उडवलाय. आईच्या जुन्या कोटाचं ते बटण अजून डब्यात आहे. मागे जाऊन चाक सुरू केलं आणि एका सज्जन माणसाची काच नको इतकी घासून वाया घालवली.

मग मीही शिकले. खेळणाऱ्याकडे तपकिरी सैन्य, मूठभर पांढरे कामकरी आणि एक किल्ला. समोर निळी राणी, तिला कॉम्प्युटरच चालवतो. कामकरी लाकूड तोडतात, दगड वाहतात, बुरूज बांधतात. जिथे आपलं माणूस पोचलेलं नाही तिथे पांढरं धुकं. आणि यात पाळी नसते. दोन्ही बाजू एकाच वेळी हलतात. तुम्ही विचार करत बसलात तर राणी काही चहा पीत बसत नाही.

बाईंना याचं भारी नवल. मला कसलं? ज्या वर्षी तुझ्या छातीसाठी डॉक्टरांनी तुला पलंगावरून उतरू द्यायचं नाही म्हणून सांगितलं, त्या वर्षी आपण दुसरं केलं काय? दुलयांखाली गुडघे उभे केले की डोंगर. त्यावर पांढरी चादर, ती बोटाबोटाने मागे सरकवायची, तेच धुकं. तपकिरी बटणं तुझी, निळी माझी, सदऱ्याची पांढरी बटणं म्हणजे कामकरी. पाळीपाळीने खेळायचा धीर दोघींनाही नव्हता.

तुझे कामकरी चालताना किंचित डुलतात. बटण काठावर उभं करून ढकललं की ते असंच डुलायचं. हे बघून मला रडू आलं. आत्ता लिहून ठेवते, नंतर विचारलंस तर कानावर हात ठेवीन.

ताई


२ फेब्रुवारी

भिंगरे,

उत्तर नाही. नसू दे. माझंही काही अडलेलं नाही.

बाई दुपारी मला खेळाडूंची मतं वाचून दाखवतात. मधलं दार उघडं ठेवतात आणि चाकाच्या घरघरीवर आवाज चढवून वाचतात, त्यामुळे बाहेर नंबर काढायला बसलेल्या गिऱ्हाइकांनाही आता निळी राणी माहीत झाली आहे. सारा वाद तिच्यावरच. राणी किल्ल्याला वेढा घालते, एकेक बुरूज पाडते, सैन्य संपवते, आणि खेळणाऱ्याकडे शेवटचा एक पांढरा कामकरी उरला की थांबते. मग सगळं निळं सैन्य पाठ फिरवतं आणि धुक्यात निघून जातं. दर वेळी. कितीही अवघड पातळीवर खेळा.

‘दमलेला सेनापती’ नावाचा एक गृहस्थ म्हणतो, ही सरळसरळ बनवणाऱ्यांची चूक आहे, दुरुस्त करा, मला हरायचा हक्क आहे. एक पंडित आहे, त्याने पानं भरून सिद्ध केलंय की तो शेवटचा कामकरी म्हणजे राणीचा लहानपणी हरवलेला मुलगा. कामकरी कुठलाही उरू शकतो हे त्याच्या गावीही नाही. ‘तीन मांजरांची आई’ म्हणून एक आहे. ती लिहिते, मी मुद्दाम हरत जाते, ती वळते तेवढं बघायला. आणि जहाजावर काम करणारा एकजण म्हणतो की राणी गेल्यावर मी खेळ बंद करत नाही. तो एकटा कामकरी लाकूड तोडत राहतो, मी नुसता बघत बसतो, पाण्याच्या आवाजावर त्याच्या कुऱ्हाडीचा आवाज बरा वाटतो.

बाईंचं मत ऐकायचंय? म्हणाल्या, माझ्या सासूबाईंपेक्षा बरी, निदान माघार तरी घेते.

सगळे उंटावरून शेळ्या हाकतायत. बाई विचारतात, तुम्हाला काय वाटतं? मी म्हणते, मला काय कळतंय त्यातलं.

पण एक गोष्ट तुझ्या पंडितांपैकी कुणाच्याही नजरेला आली नाही, ती मला दिसली. सकाळी दुकान उघडायच्या आधी मी जरा खेळले. लढत नव्हते, नुसतं बघत होते. उजवीकडचा मोठा डोंगर हलतो. अगदी थोडा वर, मग खाली. मला आधी वाटलं माझे डोळेच थकले. घासायला घेतलेली काच डोळ्यासमोर धरून पाहिलं. वर, खाली, मध्ये जरा अडखळून. भिंगरे, तो डोंगर श्वास घेतो. त्या हिवाळ्यात दुलईखाली तू घ्यायचीस तसाच.

तेव्हापासून मला एकच स्वप्न पडतं. मी कापसाच्या जमिनीवरून चालतेय, पाय रुततोय, चारी बाजूंना धुकं आणि दुलईवरची फिकी फुलं पायाखाली पावलाएवढी मोठी झालेली. लांब कुठेतरी डोंगर वरखाली होतोय. मला माहीत असतं की तो झोपलाय आणि त्याला उठवायचं नाही. मी चालत राहते. जागी होते तेव्हा बरं वाटत असतं आणि मग आठवतं की आपलं बोलणं बंद आहे.

कामावरही हल्ली असंच होतं. चाकाखालची काच पाण्याने ओली असते, त्यातून खिडकीबाहेरचा रस्ता वितळल्यासारखा दिसतो. माणसं मेणाची, गाड्या मेणाच्या. त्यातून एखादी तुझ्यासारखा निळा कोट घातलेली बाई गेली की माझा हात थांबतो.

शेवटच्या फोनवर तू जे बोललीस ते मला शब्दाला शब्द आठवतं. ‘ताई, तू कायम मला जिंकू दिलंस. चित्रशाळासुद्धा सोडलीस माझ्यासाठी. मला नको तुझी दया.’ मी इस्त्री करत होते. मी काहीच बोलले नाही, कारण मला काही कळलंच नाही. कसली दया, कधी केली मी? मला शब्द सुचेपर्यंत तू फोन ठेवला होतास, आणि आईची चांगली चादर मी इस्त्रीने जाळली होती. माझ्या गप्प बसण्याचा तू हो असा अर्थ लावलास. लाव. नाकावर राग घेऊन फिरायची तुझी सवय जुनीच.

खरं कारण काय ते मी सांगणार होते. आज नको. आज डोळे चुरचुरतायत.

ताई


२० फेब्रुवारी

भिंगरे,

आज बाईंनी जे वाचून दाखवलं ते कुठल्या खेळाडूचं मत नव्हतं. ते तू लिहिलेलं होतं. बाईंना माहीत नव्हतं, मला पहिल्याच ओळीत कळलं.

तू लिहिलंस की राणीचं वागणं ही चूक नाही. ती माझ्या मोठ्या बहिणीवरून घेतली आहे. मी आजारी होते म्हणून ती जिंकता जिंकता माघार घ्यायची. मोठेपणीही तिने तेच केलं, स्वतःचं शिक्षण सोडून मला जाऊ दिलं. आणि मग ही ओळ, जी बाईंनी दोनदा वाचली : ‘दया करणाऱ्याला बरं वाटतं, पण ज्याच्यावर दया होते त्याला जन्मभर वाकून चालावं लागतं. माझी पाठ आता दुखते. पुढच्या अपडेटमध्ये मी राणीला खेळातून काढून टाकते आहे.’

बाईंनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, ‘काय बहीण असेल हो.’

मी म्हटलं, ‘असेल कुणीतरी.’ आणि मागे गेले. चाक सुरू केलं, पण हातात काचच घेतली नव्हती.

खेळाडू तर ढसाढसा रडतायत. राणीला देवपण आलंय. एकाने लिहिलंय की ही गोष्ट वाचून मी माझ्या भावाला फोन केला. आता मी खरं सांगितलं तर या सगळ्यांच्या तोंडाला पानं पुसल्यासारखं होईल. पण मला त्यांचं काय करायचंय? वाकून तू चालतेयस. तर आता नीट बस आणि ऐक.

आईचा नियम आठवतो का? खेळ संपला की जो जिंकला त्याने अंथरूण आवरायचं. मी तेव्हा भांडले होते की हा उलटा न्याय आहे. आई म्हणाली होती, हरलेल्याला आधीच वाईट वाटलेलं असतं, त्यात पुन्हा काम कशाला? सगळ्या दुलया, चादरी, उशा. घड्या घालायच्या आणि कपाटात रचायच्या. आणि ती मोठी निळी दुलई, आजोबांच्या पलंगावरची, तिची घडी एकट्याने व्हायचीच नाही. दोघींनी दोन-दोन टोकं धरून, ताणून, एकमेकींकडे चालत यावं लागायचं. म्हणजे जिंकलेल्याने हरलेल्याला विनवायचं : टोकं धर ना. आणि हरलेल्याला वाटलं तर तो उठणार, नाहीतर ताटकळत ठेवणार.

अगदी सुरुवातीला मी एकदा जिंकले. तुला आठवत नसेल, मला आठवतं. सगळं आवरलं, घामाघूम झाले, आणि मोठी दुलई धरून तुझ्यासमोर उभी राहिले. तू उशीला टेकून बसली होतीस, राजासारखी. मी म्हटलं, टोकं धर. तू म्हणालीस, धर ना म्हण. मी म्हटलं, धर ना. तू म्हणालीस, गोड आवाजात म्हण. भिंगरे, तू मला इतक्या वेळा म्हणायला लावलंस की शेवटी माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि तू खोकता खोकता हसत होतीस. त्याच क्षणी मी शपथ घेतली, मेले तरी पुन्हा जिंकायची नाही.

ही तुझी दया. राणी वेढा उठवते कारण राणीला दुलया आवरायचा कंटाळा आहे आणि कुणाला विनवायचं म्हटलं की तिच्या जिवावर येतं. बस. तिला ना तुझ्या छातीची चिंता, ना त्या कामकऱ्याची. मी काल आईला विचारलं, मी का गं हरायचे? ती वाटाणे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, ‘आळशी होतीस.’ साक्षीदाराची जबानी झाली.

आता चित्रशाळेचं. मी तिथे आठवडाभर गेले होते, हे तरी कुणी तुला सांगितलं का? दिवसभर एक मडकं मधोमध ठेवून ते काढायला लावायचे. मास्तरांचा चष्मा टेबलावर होता. त्याच्या काचेतून ते मडकं कसं दिसतं ते मी बघत बसले. डावीकडून फुगलेलं, उजवीकडे बारीक, जरा मागे सरकलं की उलटं. चार दिवस मी मडकं सोडून चष्माच बघितला. मास्तर वैतागले. घरी येताना वाटेत चष्म्याचं दुकान दिसलं, आत चाक फिरत होतं, मी दारातच उभी राहिले. ती आजतागायत तिथे आहे. त्याच वर्षी तुला बाहेरगावी प्रवेश मिळाला, एवढाच योगायोग. मग शेजारणींनी दोन आणि दोन पाच केले, ‘मोठीने धाकटीसाठी जीव जाळला’ अशी गोष्ट जुळवली, आणि तू ती उरावर घेऊन निघून गेलीस. मला विचारायला काय झालं होतं?

मला माझं काम आवडतं. एखादा म्हातारा माणूस मी घासलेली काच डोळ्यांवर चढवतो, रस्त्याकडे बघतो आणि म्हणतो, अरे, त्या झाडाला पानं वेगवेगळी आहेत. हे मी कशासाठी सोडलं असतं? आणि तुझ्यासाठी तरी का सोडावं? तू काय आभाळातून पडलीस?

तेव्हा सरळ हो. पाठ सरळ कर. तुझ्यावर कुणी दया केलेली नाही. राणीला काढायचं तर खुशाल काढ, पण दयाळू म्हणून काढू नकोस. आळशी म्हणून काढ, अहंकारी म्हणून काढ, मी मान्य करते.

एक मात्र खरं आहे आणि तेही सांगून टाकते. मग तू रोज जिंकायचीस, डॉक्टरांची नजर चुकवून पलंगावरच गुडघ्यांवर बसून घड्या घालायचीस, आणि मोठी दुलई पुढे करून म्हणायचीस, ताई, टोकं धर ना. मी खिडकीतून बाहेर बघत असल्याचं सोंग करायचे. तू पुन्हा म्हणायचीस. ते मला फार आवडायचं. टोकाला टोक लावताना तुझी बोटं गरम लागायची. तेवढ्यासाठी मी आणखी शंभर लढाया हरले असते.

ताई


११ मार्च

भिंगरे,

काही आलं नाही. पत्रपेटी उघडायला आता आई जाते. मी गेले तर दार आपटते म्हणे.

खेळाडू राणीचा निरोप घेतायत. ती जाणार म्हणून जो तो मुद्दाम हरतोय. बाई सांगतात, या आठवड्यात जगभरात कुणी जिंकायला म्हणून खेळतच नाहीये. सगळे आपले बुरूज पाडून घेतात, आणि ती वळली की गप्प बसून बघतात. ‘तीन मांजरांची आई’ लिहिते, काल ती वळली तेव्हा मी खुर्चीतून उभी राहिले. एवढं झाल्यावरही ‘दमलेला सेनापती’ मात्र चूक दुरुस्त करा म्हणूनच बसलाय. मला तो आवडायला लागलाय. एकटाच खरं बोलतोय.

काल मीही हरले. दुकानात कुणी नव्हतं, ऊन पडद्यावर तिरकं आलं होतं, त्यामुळे निळं सैन्य अर्धं उन्हात आणि अर्धं धुक्यात होतं. राणी वळली. मी माझा शेवटचा कामकरी तिच्या मागे पाठवला. तुला हे कुणी करून दाखवलंय का? तो फार हळू चालतो, डुलत डुलत. धुकं त्याच्यापुढे बोटाबोटाने मागे सरकत गेलं. आधी जंगल, मग नुसतं गवत, मग पांढरी जमीन, तिच्यावर फिकी फुलं. आणि मग काही नाही. पलंग तिथे संपतो. काठाशी राणीचं सगळं सैन्य पाठ करून उभं होतं. हलत नव्हतं. मला वाटत होतं ती कुठेतरी घरी जात असेल. तिला जायला जागाच नाही. ती रोज तिथे येऊन तशीच उभी राहते.

माझ्या कामकऱ्याला मी तिच्या शेजारी उभं केलं. त्याला बोलता येत नाही, तिलाही येत नाही. ऊन सरकलं, सगळं पुन्हा फिकं निळं झालं, आणि एक बाई नातवाला घेऊन नंबर काढायला आल्या तेव्हा मी उठले.

माझा स्वभाव तुला माहीत आहे. ये असं मी कुणाला म्हणत नाही. ज्याला यायचं तो येतो, असं मी म्हणते आणि मग खिडकीतून बघत राहते. यात शहाणपण काही नाही, एवढं आता कळतं. तुझी आठवण येते. रोज येते.

ताई


२८ मार्च

तारे : पाचपैकी पाच.

भिंगरे,

सकाळी काच घासत होते. पुढच्या खोलीतून बाई ओरडल्या, ‘अहो, आत घुसली!’ मला वाटलं दुकानात गाय घुसली की काय. पळत गेले.

रात्रीतून अपडेट आलं होतं. तू राणीला काढलं नाहीस. पडद्यावर किल्ला पडलेला, एक कामकरी उरलेला, आणि राणी वळत नव्हती. पहिल्यांदाच ती वेशीतून आत येत होती. बाईंनी माझा हात धरला. मी म्हटलं, थांबा, बघू या.

ती जिंकली. ‘तुम्ही हरलात’ अशी पाटी आली नाही. निळ्या शिपायांनी ढाली काढून एकावर एक रचल्या आणि कुठे गेले ते दिसलंच नाही. राणी एकटी उरली. तिने बाह्या सरसावल्या. आधी तिने धुकं गोळा केलं, कोपऱ्यापासून, आणि त्याची चौकोनी घडी घातली. मग जंगल उचललं, झटकलं, पानं उडाली. मग एकेक डोंगर तिने सपाट केला. बाई म्हणत होत्या, अहो, ही करतेय काय? उजवीकडच्या मोठ्या डोंगरापाशी ती जरा थांबली. तो वरखाली होत होता. तिने त्याला हात लावला नाही, त्याच्या कडेकडेने आवरलं. नदीची घडी घालताना मी बघितलं, पाणी उजवीकडून डावीकडे वाहत होतं.

शेवटी राज्याएवढी एकच निळी दुलई उरली. राणीने तिची दोन टोकं उचलली, समोर बघितलं आणि उभी राहिली. खाली अक्षरं उमटली : टोकं धर ना.

आणि मग काहीच झालं नाही. बाईंनी सगळी बटणं दाबून पाहिली. ती उभीच. मी म्हटलं, कामकऱ्याला पाठवा. बाई म्हणाल्या, तो तर हरलाय. मी म्हटलं, म्हणूनच. तो डुलत डुलत गेला, समोरची टोकं धरली. दुलई ताणली गेली, दोघं एकमेकांकडे चालत आले, टोकाला टोक लागलं. खेळ संपला. बाहेर बसलेल्या गिऱ्हाइकाने विचारलं, आत कुणी रडतंय का. बाई म्हणाल्या, डोळ्यांत थेंब घातलेत.

खेळाडूंच्या मतांच्या पानावर नुसता गोंधळ चाललाय. एकजण म्हणतो, मी अर्धा दिवस कामकरी पाठवला नाही, राणी अर्धा दिवस उभी होती, मलाच लाज वाटली. पंडित नवीन पानं भरतोय. जहाजावरच्या माणसाने लिहिलंय की आता लाकडं तोडायला जागाच उरली नाही, पण हरकत नाही. आणि ‘दमलेला सेनापती’ने एवढंच लिहिलंय : हरलो, घडी घातली, धन्यवाद.

संध्याकाळी मी आईला दुकानात नेलं. दोन उशा घालून तिला बाईंच्या खुर्चीत बसवलं आणि तिच्यासमोर हरले. तिने सगळं नीट बघितलं. राणी टोकं धरून उभी राहिली तेव्हा मी मुद्दाम कामकऱ्याला पाठवलं नाही. आईने पडद्याकडे बोट केलं.

‘ही राणी तू ना?’ तिने विचारलं.

‘हो.’

‘मग तू जिंकलीस.’

मी म्हटलं, ‘तिने जिंकवलं मला.’

आई म्हणाली, ‘कुणी का जिंकवेना. नियम ठाऊक आहे ना? विनवायचं जिंकलेल्याने.’

भिंगरे, तू फार हुशार आहेस आणि तितकीच दुष्ट. तेव्हाही उशीला टेकून बसली होतीस, आताही बसली आहेस. माझ्याकडे उत्तर पाठवलं नाहीस, माझ्या तोंडात शब्द घातलेस आणि आता समोर बसून ऐकायची वाट बघतेयस. गोड आवाजात म्हणायला लावशील, ते मला माहीत आहे.

आज घरी आल्यावर मी कपाट उघडलं. सगळ्यात खालून ती मोठी निळी दुलई ओढून काढली. इतकी वर्षं ती मी एकटीने कशीबशी गुंडाळून कोंबत आले, तिला मधोमध एक वाकडी वळी पडली आहे. पलंगावर पसरली. आईने कोपऱ्यातून बटणांचा डबा आणून ठेवला आणि आपल्या खोलीत गेली. दुलईवर अजून फुलं आहेत, फार फिकी, नीट बघितलं तर दिसतात.

मी आत्ता तिची दोन टोकं धरून उभी होते. मग लिहायला म्हणून एक हात सोडला.

ताई, ताई म्हणत तूच कायम विनवलंस. आता माझी वेळ. बघ, जमेल तेवढ्या गोड आवाजात म्हणतेय.

भिंगरे, टोकं धर ना.

ताई